कोलोनचा कार्निव्हल : शिकायला जाणाऱ्या पोरांनी कुठं उभं राहावं, काय टाळावं

रंकाळाकाठ
कोल्हापुरातून दरवर्षी पोरंपोरी जर्मनीला एमएससाठी जातात. ऑक्टोबरात सत्र सुरू होतं आणि पहिल्याच हिवाळ्यात कोलोन शहराचा कार्निव्हल, वेश घालून मिरवणुका काढायचा सण, समोर येतो. नेटवर जी माहिती मिळते ती पर्यटकांसाठी, हॉटेल नि बसायच्या तिकिटांची. विद्यार्थ्याचा खिसा आणि परीक्षा ध्यानात घेऊन कुणी लिहीत नाही. तिथं राहणाऱ्यांनी तारखा, जागा, कपडे, गाड्या, खाणं असं नेमकं सांगावं. घरी काळजी करत बसलेल्या आईवडिलांनाही समजेल असं लिहा.

क्लोडविग_पेठ
आधी तारखा, कारण निम्मा घोळ तिथंच होतो. कार्निव्हल एका दिवसाचा नाही. ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी हंगाम उघडतो. त्या दिवशी शहर भरतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शांत होतं. नाताळ झाला की ६ जानेवारीनंतर मंडळांच्या बैठका, गाण्या-नाचाचे कार्यक्रम सुरू होतात. रस्त्यावरचा खरा सण मात्र फेब्रुवारी-मार्चमधले सहा दिवस. तो ईस्टरवर अवलंबून असल्यामुळं तारीख दरवर्षी सरकते. २०२७ साली गुरुवार ४ फेब्रुवारी ते मंगळवार ९ फेब्रुवारी, आणि १० तारखेला राखेचा बुधवार, म्हणजे उपवासाच्या काळाची सुरुवात. २०२८ साली गुरुवार २४ फेब्रुवारीला येतो आणि मोठी मिरवणूक सोमवारी २८ ला.

गुरुवार बायकांचा, त्याला वायबरफास्टनाख्ट म्हणतात. ११:११ ला जुन्या शहरातल्या आल्टर मार्क्ट चौकात उद्घाटन होतं. बायका कात्री घेऊन फिरतात आणि पुरुषांचे टाय कापतात. शुक्रवार तुलनेनं निवांत. रविवारी शाळांची आणि पेठांची मिरवणूक. सोमवारी रोझेनमोंटाग, सगळ्यात मोठी. मंगळवारी उपनगरांच्या मिरवणुका आणि मध्यरात्री नुबेल, म्हणजे पेंढ्याचा माणूस, जाळणं.

परीक्षेचं आत्ताच सांगतो. फेब्रुवारीचा पूर्वार्ध म्हणजे हिवाळी सत्राच्या परीक्षांचा काळ. रोझेनमोंटागला कायद्यानं सुट्टी नाही, पण कोलोनमध्ये शाळा, कचेऱ्या आणि बरीच दुकानं बंद असतात. आखेन, बोखुम, डॉर्टमुंडला शिकणाऱ्यांनी आपल्या विभागाचं वेळापत्रक बघूनच बेत करावा. शेजारच्या शहरात सुट्टी आहे म्हणून तुमचा पेपर पुढं जात नाही.

तालीम_मंडळवाला
मिरवणूक काढतंय कोण? महापालिका का मंडळं? पैसा कुठनं येतोय?

क्लोडविग_पेठ
मंडळंच. इथल्या सणाची नस हीच आहे आणि कोल्हापूरच्या माणसाला ती लगेच कळते. कोलोनमध्ये पेठेला फेडेल म्हणतात. प्रत्येक फेडेलमध्ये वर्गणीदारांची कार्निव्हल मंडळं आहेत, काही दीडदोनशे वर्षांची. १८२३ साली सणाची घडी बसवायला उत्सव समिती झाली आणि पहिली रोझेनमोंटाग मिरवणूक निघाली. तेव्हा कोलोनवर प्रशियाचं राज्य होतं. म्हणून जुन्या मंडळांचे गणवेश सैनिकांच्या थट्टेचे आहेत. ‘रोटे फुंकेन’ हे त्यातलं सगळ्यात जुनं, तेही १८२३ चंच. लाल-पांढरा गणवेश, हातात लाकडी बंदूक, आणि नाच कसला तर दोघांनी पाठीला पाठ लावून एकमेकांवर ढुंगण घासायचं. शिस्तीच्या कवायतीची खिल्ली आहे ती. पोरांना आधी माहीत असलं तर बघताना मजा दुप्पट होते.

दरवर्षी तीन मानकरी निवडतात : राजपुत्र, शेतकरी आणि कुमारी. कुमारीचं काम परंपरेनं पुरुषच करतो. तिघांना मिळून द्रायगेश्टिर्न म्हणतात. राजपुत्राचा रथ मिरवणुकीच्या अगदी शेवटी असतो, तो दिसला की संपलं समजायचं. मंडळं पैसा सभासदांकडून, देणगीतून आणि हॉलमधल्या कार्यक्रमांच्या तिकिटांतून उभा करतात. रथावरून उधळायचा खाऊसुद्धा बरेच सभासद पदरमोड करून आणतात. म्हणून तो पायाखाली तुडवलेला त्यांना आवडत नाही.

सासनकाठी
मी थेट मुद्द्यावर येतो. नवी पोरं सगळी त्स्युल्पिशर श्ट्रासेला जातात. विद्यापीठाजवळची गल्ली, व्हिडिओत दिसती ती. तिकडं जाऊ नगासा. ११ नोव्हेंबरला आणि बायकांच्या गुरुवारी तिथं सकाळपासनं नुसती तरणी गर्दी. पालिका कठडे लावती, झडत्या हुत्यात, काचेची बाटली आत न्हेता येत न्हाई, आणि गल्ली भरली की दुपारच्या आतच दार बंद. मग उरलेली गर्दी बाजूच्या हिरवळीवर ढकलली जाती. तिथं कार्निव्हल न्हाई, नुसती पिणारी गर्दी. ना मिरवणूक, ना मंडळ, ना गाणारी म्हातारी माणसं. तिथं राहणारे लोक वैतागून त्या दिवसांत घर सोडून जातात.

शाहूपुरीची_ताई
सासनकाठीदादा, म्हणणं बरोबर आहे. पण वर्गातली सगळी पोरं तिकडं जाणार असली तर एकट्या पोरीनं काय करायचं, तेही सांगायला हवं. जायचंच असेल तर सकाळी दहाच्या आत जाऊन दुपारी एकला बाहेर पडा. अंधार पडल्यावर तिथं थांबू नका. आत शिरतानाच ठरवा की चुकामूक झाली तर गल्लीच्या बाहेर कुठं भेटायचं, कारण गर्दीत फोनचं नेटवर्क बसतं. गल्लीच्या मधोमध उभं राहू नका, आडव्या गल्लीच्या तोंडाशी राहा. महाद्वार रोडला विसर्जनात जी चेंगराचेंगरीची भीती असते तीच इथं. गर्दीची लाट आली तर हात छातीसमोर मुडपून धरा म्हणजे श्वासाला जागा राहते, लाटेच्या उलट ढकलू नका, तिरकं सरकत कडेला या.

पोरींसाठी आणखी एक. बायकांच्या गुरुवारी गालाला गाल लावून चुंबन द्यायची रीत आहे, त्याला ब्युट्स्ये म्हणतात. ते गालावरच, आणि समोरच्याला चालत असेल तरच. कुणी त्याच्या नावाखाली अंगचटीला आला तर ‘नाइन’ मोठ्यानं म्हणा, आजूबाजूची माणसं मधे पडतात. कार्निव्हलच्या दिवसांत ‘एडेलगार्ड’ नावाची मदतीची गाडी असते, छेडछाड झाली किंवा नुसतं असुरक्षित वाटलं तरी तिथं जाऊन बसता येतं, बोलता येतं. यंदा गाडी कुठं उभी आहे ते आदल्या दिवशी शहराच्या संकेतस्थळावर बघून ठेवा. पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२. आपला पेला हातातून सोडायचा नाही, सोडला तर तो परत प्यायचा नाही.

क्लोडविग_पेठ
ताईंनी सांगितलेलं छापून खोलीच्या दारावर लावावं असं आहे. आता माझा आग्रह : पहिल्या वर्षी एकच दिवस मिळणार असेल तर रविवार निवडा.

रविवारच्या मिरवणुकीचं नाव शुल उन फेडेल्सत्स्योख, म्हणजे शाळा आणि पेठांच्या मिरवणुका. १९३३ पासून चालू आहे. यात मोठे रथ कमी, चालणारे गट जास्त. शाळेची पोरं, त्यांचे मास्तर, गल्लीतली मंडळं, महिनोन्महिने घरी शिवलेले पोशाख. सोमवारपेक्षा गर्दी पुष्कळ कमी, त्यामुळं पुढच्या रांगेत जागा मिळते आणि चालणारी माणसं थांबून तुमच्या हातात खाऊ देतात. वाटही बरीचशी सोमवारचीच असते, म्हणजे सोमवारी कुठं उभं राहायचं याची रंगीत तालीम होऊन जाते.

सोमवारची मिरवणूक सकाळी १० च्या सुमाराला दक्षिणेकडच्या क्लोडविगप्लात्सपासून, जुन्या सेवेरीन वेशीजवळून निघते आणि सेवेरीनश्ट्रासेनं शहरात शिरते. एका जागेवरून पूर्ण जायला तीन-चार तास लागतात. सुरुवातीजवळ उभे राहिलात तर दुपारी दोनपर्यंत मोकळे. शेवटाजवळ राहिलात तर मिरवणूकच दुपारी येते आणि संध्याकाळी थंडीत संपते. नवख्यानं सुरुवातीचा भाग घ्यावा. पण सेवेरीनश्ट्रासे अरुंद आहे, ९ नंतर पुढची रांग मिळत नाही. साडेआठला पोचा आणि आडव्या गल्लीचा कोपरा धरा. मधल्या सलग भिंतीपाशी उभं राहिलं की तीन तास ना शौचालय, ना वाट. काही ठिकाणी बसायचे मांडव आहेत, त्यांना पैसे पडतात. रस्त्यावर उभं राहायला काही लागत नाही.

तालीम_मंडळवाला
खाऊ उधळतात म्हणजे जोतिबाच्या गुलाल-खोबऱ्यासारखंच की. कसा धरायचा?

क्लोडविग_पेठ
अगदी तसंच, फक्त खोबऱ्याच्या जागी चॉकलेट आणि गोळ्या. सगळा मिळून सुमारे ३०० टन खाऊ उधळला जातो असं सांगतात. चांगभलं म्हटल्याशिवाय खोबरं अंगावर येत नाही, तसं इथं ‘कामेले!’ ओरडल्याशिवाय खाऊ येत नाही. फुलांचे छोटे गुच्छही देतात, त्यासाठी ‘श्ट्रूस्येर!’ ओरडायचं. गप्प उभ्या माणसाकडं कुणी टाकत नाही. रथावरच्या एकाच माणसाच्या डोळ्यात बघून हात वर करायचा. पुढारी ‘क्योले’ (म्हणजे कोलोन) म्हणाला की सगळ्यांनी हात उंचावून ‘आलाफ’ म्हणायचं, तीन वेळा. ‘हेलाउ’ हे ड्युसेलडॉर्फ आणि माइन्त्सचं. ते कोलोनमध्ये म्हणू नका, लोकांना खरंच लागतं.

पिशवी कापडी घ्या, रुंद तोंडाची, गळ्यात अडकवता येईल अशी. दोन्ही हात मोकळे राहतात. उलटी छत्री धरून खाऊ गोळा करणारे दिसतील, तसं करू नका. शेजाऱ्याच्या डोळ्यात काडी जाते आणि मागच्यांचा खाऊ अडतो. चॉकलेटचे मोठे डबे वरून जोरात येतात. चष्मा असेल तर दोरी बांधा, आणि रथ समोर असताना फोनमध्ये मान घालू नका, बहुतेकांना तेव्हाच कपाळावर लागतं. रथाच्या चाकापाशी चालणारे रक्षक असतात, वागेनएंगेल म्हणजे गाडीचे देवदूत. ते हातानं मागं सारतात तेव्हा मागं सरा. चाकाजवळ पडलेलं काही उचलायला वाकायचं नाही. लहान पोरं शेजारी असतील तर त्यांना पुढं घ्या, इथं तो अलिखित नियम आहे, आणि पोरांच्या मागं उभ्या माणसाकडं खाऊही जास्त येतो.

फक्त_शाकाहारी
गोळ्यांमध्ये काही असतं का?

क्लोडविग_पेठ
असतं. रबरासारख्या मऊ गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा जिलेटिन असतं आणि ते बहुधा डुकराचं. पाकिटामागं ‘गेलाटीने’ शब्द शोधा. चॉकलेट, वेफर, पॉपकॉर्न सहसा चालतं. घेतलेलं परत करता येत नाही, शेजारच्या पोराला द्या.

रस्त्यावर खायला रायबेकूखेन उत्तम : किसलेल्या बटाट्याचे तळलेले वडे, सोबत सफरचंदाचा गोड गर. पण पिठात अंडं असू शकतं, विचारा. पबमध्ये ‘हाल्वे हान’ मागवा. नावाचा अर्थ अर्धा कोंबडा, पण येतो राय धान्याचा पाव आणि चीजचा जाड तुकडा, सोबत मोहरी नि कांदा. नावाला घाबरून शाकाहारी पोरं तो सोडतात. बर्लिनर म्हणजे आत जॅम भरलेला तळलेला गोड पाव, त्यात अंडं असतं आणि काही बेकऱ्या तो चरबीत तळतात.

दुकानांचं लक्षात ठेवा. रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद, सोमवारी बरीच बंद किंवा अर्धा दिवस. दूध, पाव, भाजी, तांदूळ शनिवारी दुपारीच भरा.

न पिणाऱ्यांनी संकोच करू नये, बिनअल्कोहोलची बिअर आणि सफरचंदाचा रस सगळीकडं मिळतो. कोलोनची बिअर क्यॉल्श, २०० मिलिलीटरच्या बारीक उंच पेल्यात येते. वाढणाऱ्याला क्योबेस म्हणतात. पेला रिकामा दिसला की तो न विचारता दुसरा ठेवतो आणि गोल पुठ्ठ्यावर पेन्सिलीची रेघ मारतो. नको असेल तर तो पुठ्ठा पेल्यावर झाकण म्हणून ठेवायचा. ते माहीत नसल्यानं बिल फुगतं. कार्निव्हलच्या दिवसांत मात्र बरेच पब रोखीनं आगाऊ पैसे घेतात. २०-३० युरो सुटे ठेवा, शौचालयासाठी ५० सेंट नि १ युरोची नाणीही. भिंतीकडं तोंड करून उभं राहिलेल्यांना दंड होतो.

औषधाची_पेटी
फेब्रुवारीत कोलोनचं तापमान साधारण १ ते ७ अंश असतं आणि पाऊस नित्याचा. कोल्हापूरच्या पोरांचं चुकतं ते एकच जाड जाकीट घालण्यात. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरी किंवा फ्लीस, त्यावर ढगळ पोशाख. दोन जोड मोजे आणि जाड तळव्याचे बंद बूट. तीन तास उभं राहिल्यावर थंडी वरून नाही, फरशीतून पायात चढते. जमिनीवर काचा असतात म्हणूनही बूट हवेत.

दारूनं ऊब येते हा समज घातक आहे. कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून गरम वाटतं, पण अंगातली उष्णता तिथूनच बाहेर जाते. सोबतचा कुणी थरथरायचा थांबला, अडखळत बोलायला लागला, तर तो झिंगला असं समजून बसवून ठेवू नका. आडोशाला न्या, ओले कपडे बदला, आणि शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवून ११२. रुग्णवाहिकेच्या खर्चाला भिऊन पोरं फोन करत नाहीत. गरज खरी असेल तर सरकारी आरोग्य विम्यात तुमच्या वाट्याला फार तर १० युरो येतात. विम्याचं कार्ड खिशात असू द्या. तातडी नसलेल्या दुखण्याला ११६११७. मिरवणुकीच्या वाटेवर प्रथमोपचाराची ठाणी असतात, पाय मुरगळला तरी तिथं जावं.

आखेन_मेकॅनिकल
आखेनहून येणाऱ्यांसाठी : आरई १ आणि आरई ९ या दोन्ही प्रादेशिक गाड्या कोलोनला जातात, साधारण तासाचा प्रवास. कार्निव्हलला त्या खच्चून भरतात. कोलोनचं मुख्य स्टेशन कॅथेड्रलच्या पायथ्याशीच आहे, तिथं बाहेर पडायलाच वेळ जातो. म्हणून दक्षिण भागात जायचं असेल तर आधीच्या स्टेशनवर उतरून ट्राम धरायचा विचार करा. गुरुवारी आणि सोमवारी शहरातल्या ट्रामचे मार्ग तोडलेले असतात, काही थांबे वगळतात. रोजचं ॲप उघडून सकाळचे बदल वाचल्याशिवाय निघू नका. परतीची शेवटची गाडी नव्हे, तिच्या आधीची धरायची.

तिकीट फोनमध्ये असतं आणि थंडीत बॅटरी एकदम झोपते. तिकीट दाखवता आलं नाही की ६० युरोंची पावती हातात येते. फोन आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा, छोटी पॉवरबँक घ्या. ओळखपत्र म्हणून निवास परवान्याचं कार्ड लागतं, पासपोर्ट खोलीवरच ठेवा.

रंकाळाकाठ
पोशाख काय करावा? कोल्हापुरी फेटा बांधून गेलं तर चालेल?

सासनकाठी
चालतंय की, आणि शोभतंय बी. पण पावसात भिजला की फेटा जड हुतोय आणि सुटतोय. आत लोकरीची टोपी घाला, वर फेटा, आणि शेव पिनांनी टाचा. कोलोनचे रंग लाल-पांढरे, त्या रंगाचा घेतलासा तर लोक थांबवून फोटो मागत्यात. कोल्हापुरी चप्पल न्हाई. बोटं उघडी, वर काचा नि गारठा.

क्लोडविग_पेठ
पोशाख हवाच, साध्या कपड्यांत गेलं की आपण बाहेरचे वाटतो. जुन्या कपड्यांच्या दुकानात स्वस्तात जमतं. खऱ्यासारखी दिसणारी खेळण्यातली बंदूक नको, पोलीस अडवतात. तोंड काळं रंगवणं किंवा दुसऱ्या समाजाचा वेश थट्टेसाठी घेणं याला आता शहरातूनच विरोध आहे.

तालीम_मंडळवाला
आपली पोरं लेझीम घेऊन मिरवणुकीत घुसली तर?

क्लोडविग_पेठ
घुसता येत नाही. प्रत्येक गटाची आधीपासून नोंदणी असते, क्रमांक ठरलेला असतो. मनापासून भाग घ्यायचा असेल तर फेडेलमधल्या एखाद्या छोट्या मंडळाकडं उन्हाळ्यातच जावं. चालायला, पोशाख शिवायला, खाऊ भरायला माणसं लागतात आणि जर्मन शिकायला याहून चांगली जागा नाही. मंगळवारी एरेनफेल्ड आणि निपेसच्या मिरवणुका असतात, पेठेच्या मापाच्या. त्यांच्यापासून सुरुवात करा. तिथल्या बोलीचं नावही बिअरसारखंच क्यॉल्श, ती पुस्तकी जर्मनपेक्षा वेगळी. जानेवारीत पबांमध्ये गाणी शिकवायच्या संध्याकाळी होतात, शब्दांचे कागद वाटतात. दोन संध्याकाळी गेलात तर मिरवणुकीत ओठ हलायला लागतात.

शाहूपुरीची_ताई
आणि नुबेल जाळतात तो प्रकार होळीसारखाच का? पोरं तिथं थांबली तर चालेल?

क्लोडविग_पेठ
चालेल, आणि जरूर थांबावं. नुबेल म्हणजे जुने कपडे घातलेला पेंढ्याचा माणूस, सणाच्या दिवसांत पबच्या दारावर टांगलेला असतो. मंगळवारी मध्यरात्रीच्या आसपास त्याला तिरडीवर घालून मेणबत्त्या घेऊन गल्लीत फिरवतात. कुणीतरी पाद्र्याच्या वेशात त्याच्यावर आरोप वाचतं : पैसे कुणी उडवले, कोण प्रेमात पडलं, कोण कामावर गेलं नाही. दरवेळी गर्दी ओरडते, नुबेलनंच केलं. मग त्याला पेटवतात, लोक खोटं-खोटं रडतात, आणि बऱ्याच जणांच्या डोळ्यात खरंच पाणी येतं. आपण होळीला बोंब मारतो तीच मोकळीक. हे छोट्या पबसमोर बघावं, दक्षिणेकडच्या स्युडश्टाट भागात जवळजवळ प्रत्येक गल्लीत एक असतो. वेळ पबच्या दारावर चिकटवलेली असते, सोमवारी जाता-जाता वाचून ठेवा. आगीपासून चार पावलं लांब, कारण कृत्रिम धाग्याचे पोशाख ठिणगीनं वितळतात.

बुधवारी सकाळी सगळे कामावर. पेपर असेल तर तोही वेळेवरच.

आखेन_मेकॅनिकल
मंगळवारी रात्री नुबेल संपेपर्यंत आखेनची गाडी गेलेली असू शकते. कोलोनमध्ये कुणाच्या खोलीवर झोपायची सोय झाली असेल तरच थांबा.